नववीनंतर शाळा सोडलेल्या मुलाची भाषा

नववी झाली आणि केनची शाळा सुटली. नापास झाला म्हणून नाही बरं का! उलट हा मुलगा वर्गात कायम पुढेच असायचा. १९२६ च्या एप्रिलमध्ये पहिलीत नाव घातलं, तीन महिन्यांत बाईंनी त्याला दुसरीत बसवलं आणि पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत तो चौथीत पोचलाही. पण ती वर्षं मोठ्या मंदीची होती. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात, कॅमरोज गावाजवळ घरची शेती. शेतात कामाला हात हवे होते. आणखी एक कारण होतं, जरा गमतीचं. पुढे शिकून माणूस फार तर शाळामास्तर होतो, असा त्या मुलाचा समज होता. मास्तर तर त्याला मुळीच व्हायचं नव्हतं. मग शिकायचं कशाला?

हा केन म्हणजे केनेथ आयव्हर्सन. कॉम्प्युटरच्या जगात नोबेलच्या तोडीचा मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना १९७९ साली मिळाला. त्यांनी घडवलेल्या भाषेचं नाव एपीएल. नाव ऐकून आपल्याकडे रेशनकार्ड आठवतं, पण इथे त्याचा अर्थ अगदी साधा आहे, ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ची आद्याक्षरं. आपल्यापैकी कितीजणींनी हे नाव ऐकलंय? फारशा नसतील. पण मोबाइलवर हिशेब करताना, मुलीच्या कॉलेजच्या गणिताच्या वहीत डोकावताना आपण या माणसाच्या कामाच्या आसपासच असतो. आणि मास्तर व्हायचं नाही म्हणून शाळा सोडणाऱ्या या मुलाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांना नीट समजावून सांगण्यातच गेलं, हे मला त्यांच्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वळण वाटतं.

१७ डिसेंबर १९२० हा त्यांचा जन्मदिवस. आजे-पणजे मूळचे नॉर्वेचे. आईवडील अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटामधून कॅनडात येऊन शेती करू लागले होते. शाळा एका खोलीची. पहिलीपासून नववीपर्यंतची सगळी मुलं त्याच खोलीत. आपल्या वाडी-तांड्यावरची एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र पुरं होईल. अशा शाळेचा एक फायदा असतो. वरच्या वर्गाला शिकवलेलं खालच्या वर्गातल्या हुशार पोराच्या कानावर आपोआप पडतं.

शाळा सुटली तरी शिकणं सुटलं नाही. सतरा वर्षांचा असताना केननं शिकागोच्या एका संस्थेचा रेडिओ दुरुस्तीचा पत्राद्वारे चालणारा कोर्स लावला. कॅल्क्युलसचं पुस्तक मिळवलं आणि कुणी शिकवणारं नसताना स्वतःच ते सोडवत बसला. कॅल्क्युलस म्हणजे अकरावी-बारावीच्या सायन्सच्या मुलांना घाम फोडणारा विषय! दिवसा शेत आणि नंतर पुस्तक. आपल्याकडेही अशा कितीतरी जणी आहेत. लग्नानंतर दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्या, मुलं झोपली की नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तकं उघडणाऱ्या. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरं महायुद्ध आलं आणि केन कॅनडाच्या हवाई दलात गेला. तिथेही पत्राद्वारे अभ्यास करून त्यानं हायस्कूलचे विषय सोडवायला घेतले. युद्ध संपल्यावर सरकारनं परतलेल्या सैनिकांच्या कॉलेजचा खर्च उचलायची योजना काढली. केन जावं की न जावं अशा विचारात होता. हवाई दलातल्या एका मित्रानं त्याला दम भरला की ही संधी सोडलीस तर तुझं डोकंच फोडीन! असा मित्र प्रत्येकाला मिळो. केन किंग्स्टनच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत दाखल झाला आणि १९५० साली गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन पहिल्या नंबरानं पदवीधर झाला. तिथून थेट अमेरिकेतलं हार्वर्ड. तेव्हा त्याचं वय तीस. त्या वयात आपल्याकडे माणसाला आता काय शिकायचं राहिलंय, असं विचारतात.

इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं!

हार्वर्डमध्ये आयव्हर्सन हॉवर्ड आयकेन यांच्या प्रयोगशाळेत आले. आयकेन म्हणजे मार्क-वन नावाचा खोलीभर लांबीचा कॉम्प्युटर बांधणारे गृहस्थ. याच प्रयोगशाळेत काही वर्षं आधी ग्रेस हॉपर काम करून गेल्या होत्या. आयव्हर्सन यांचे दुसरे गुरू अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिफ. त्यांना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं. लिओन्टिफ देशाची सगळी अर्थव्यवस्था एका मोठ्या तक्त्यात मांडायचे. पोलाद करायला कोळसा किती लागतो, कोळसा काढायला पोलाद किती लागतं, दोन्ही वाहून न्यायला रेल्वे किती लागते... आडव्या-उभ्या रकान्यांत नुसते आकडेच आकडे. महिन्याच्या खर्चाची वही असते ना आपली, तीच देशाच्या मापाची आणि प्रत्येक रकाना दुसऱ्या रकान्यात गुंतलेला. हे अवाढव्य तक्ते कॉम्प्युटरकडून सोडवून घेणं हा आयव्हर्सन यांच्या पीएचडीचा विषय होता. १९५४ मध्ये ती मिळाली. सुटा आकडा घेऊन बसण्यापेक्षा अख्खी रांग, अख्खा तक्ता हीच एक वस्तू समजायची, ही दृष्टी त्यांना इथे मिळाली असावी असं मला वाटतं. पुढची सगळी भाषा त्यावरच तर उभी आहे.

पीएचडीनंतर त्यांना तिथेच नोकरी मिळाली. काम काय? तर शिकवायचं! जे टाळायला शाळा सोडली, तेच पुढ्यात आलं. आयकेन यांनी कॉम्प्युटरनं हिशेब आणि माहिती हाताळण्याचा नवा अभ्यासक्रम सुरू केला होता. असा विषय त्याआधी कुठे शिकवलाच जात नव्हता, म्हणजे पुस्तकंही नाहीत. आयव्हर्सन फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे समजावून सांगायला गणिताची नेहमीची लिपी अपुरी पडते आहे.

गणिताची लिपी अपुरी? आपल्याला तर ती दगडावरची रेघ वाटते. पण जरा बारकाईनं बघा. गुणाकार कधी फुलीनं लिहितात, कधी टिंबानं, कधी काहीच न लिहिता दोन अक्षरं नुसती शेजारी ठेवून. वर्ग करायचा तर दोनचा आकडा बारीक करून डोक्यावर बसवायचा. फॅक्टोरियल म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार, त्याचं उद्गारचिन्ह मात्र शेपटीला. अंशछेदाला वरखाली दोन मजले. शिवाय आधी काय करायचं यासाठी आपण सगळ्यांनी घोकलेलं ‘कंचेभागुबेव’! प्रत्येक चिन्हाची तऱ्हा वेगळी, प्रत्येकाचं मानपान वेगळं. लग्नघरात रुसलेल्या पाहुण्यांसारखं. माणूस सवयीनं सांभाळून घेतो, पण नव्यानं शिकणाऱ्याला आणि यंत्राला हे कसं समजावायचं?

इथे थोडं घराजवळ येऊ. संभाजीनगरहून कन्नडला जावं, औट्रम घाट उतरावा, की चाळीसगावच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत पाटणादेवी लागते. या पाटण गावात एक शिलालेख सापडला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापल्याचं त्यात नोंदलं आहे. भास्कराचार्यांची लीलावती आपल्याला माहीत असते. त्यांच्या बीजगणितात माहीत नसलेल्या संख्येला यावत्-तावत् म्हणतात, म्हणजे जेवढी असेल तेवढी. आणखी एक अज्ञात संख्या आली तर काळक, मग नीलक, मग पीतक, अशी रंगांची नावं. लिहिताना फक्त पहिलं अक्षर, या, का, नी. या अक्षरात एका उदाहरणात माणकांची किंमत बसते, तर दुसऱ्यात घोड्यांची. अक्षर तेच. आत काय आहे ते त्या त्या वेळी ठरतं. आयव्हर्सन आणि भास्कराचार्य यांचा संबंध जोडायचा नाही मला, उगाच सगळं आपल्याकडेच होतं म्हणायची हौसही नाही. एवढंच सांगायचंय की विचार करायला हाताशी चांगली लिपी लागते, ही गरज आठशे वर्षांपूर्वी या डोंगराखालच्या अभ्यासकांनाही होती.

तर आयव्हर्सन यांनी फळ्यासाठी स्वतःची लिपी घडवायला घेतली. नियम अगदी थोडे. प्रत्येक क्रियेला एकच खूण. ती एकतर दोन गोष्टींच्या मध्ये येणार, नाहीतर एकीच्या डावीकडे, तिसरी जागा नाही. कुठल्याच खुणेला जास्त मान नाही, सगळ्या सारख्या. सोडवायचं ते उजवीकडून डावीकडे. म्हणजे तीन गुणिले दोन अधिक चार, हे आपण शाळेत सोडवलं तर उत्तर दहा येतं. आयव्हर्सन यांच्या रीतीनं आधी उजवीकडचे दोन आणि चार मिळवायचे, सहा झाले, मग तिनं गुणायचं, अठरा. सुरुवातीला डोकं गरगरतं खरं. पण कंचेभागुबेव एका फटक्यात गेलं की नाही? एखाद्या खुणेनंतर तिरकी रेघ दिली की ती खूण अख्ख्या रांगेला लागू. बेरजेचं चिन्ह आणि तिरकी रेघ, झाली सगळ्या रांगेची बेरीज. गुणाकाराचं चिन्ह आणि तिरकी रेघ, सगळ्यांचा गुणाकार. एक युक्ती शिकलं की दहा ठिकाणी चालते.

त्यांच्या दोन खुणा तर आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहेत. फ्लोअर आणि सीलिंग. चौकटी कंसासारखाच कंस, फक्त एकाला वरची आडवी दांडी नाही आणि दुसऱ्याला खालची नाही. समजा भिशी मंडळाच्या पन्नास जणींना वेरूळला जायचंय आणि एका जीपमध्ये नऊजणी बसतात. भागाकार येतो साडेपाचच्या थोडा वर. पण जीप काही साडेपाच ठरवता येत नाहीत, सहाच लागणार. हे वरच्या पूर्ण आकड्याकडे नेणं म्हणजे सीलिंग. आणि पन्नास लाडू बाराच्या डब्यांत भरायचे, तर पूर्ण डबे किती भरतील? चार. उरलेले दोन घरात संपतात. हे झालं फ्लोअर. छत आणि जमीन! खुणेकडे बघितलं की अर्थ कळतो. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या वहीत हे कंस दिसले तर तिला नक्की विचारा, हे कुणी काढले म्हणून.

एवढं सगळं करून हार्वर्डनं काय दिलं? पाच वर्षांनी त्यांना कायम केलं नाही. तिथे त्या मुदतीत बढती मिळाली नाही तर चालू लागायचं, अशी रीत होती. चाळिशीला आलेला, बायको-मुलं असलेला माणूस, आणि हातात काय, तर फळ्यावर लिहायच्या काही खुणा. यंत्र नाही की शोधाचं पेटंट नाही.

१९६० मध्ये आयबीएम या कंपनीच्या संशोधन विभागानं त्यांना घेतलं. न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्स इथे. तिथे त्यांना अॅडिन फॉल्कॉफ भेटले आणि पुढची वीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं. १९६२ मध्ये आयव्हर्सन यांचं पुस्तक आलं. त्याच्याच नावावरून फॉल्कॉफ यांनी भाषेला एपीएल नाव दिलं. गंमत म्हणजे पुस्तक आलं तेव्हा ही भाषा कुठल्याही कॉम्प्युटरवर चालत नव्हती! ती कागदावरचीच होती. १९६४ मध्ये तर या मंडळींनी आयबीएमचा नवा सिस्टिम ३६० हा कॉम्प्युटर कसा चालतो, त्याचं वर्णन याच लिपीत लिहून छापलं. म्हणजे यंत्राला सांगायची भाषा नव्हे, यंत्राबद्दल माणसांनी एकमेकांना सांगायची भाषा.

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यातून निघतं. त्या काळातल्या बहुतेक भाषा यंत्राच्या सोयीनं सुरू झाल्या. कोबोल या गाजलेल्या भाषेत आधी यादी द्यावी लागायची. या नावात पूर्णांक येईल. या नावात अपूर्णांक. या नावात अक्षरं, तीही अमुक इतकीच. या रांगेत शंभर आकडे, एकशे एकावा आला तर जागा नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं. हा साखरेचा, हा तांदळाचा, हा पाच किलोचा, हा अर्ध्याचा. आधी डबे मांडा, लेबलं लावा, मग सामान आणा.

आयव्हर्सन यांच्याकडे डबेच नव्हते. फळ्यावर लिहिताना मास्तर कधी म्हणतात का, की मुलांनो, आता मी क्ष लिहिणार आहे, त्यात पूर्णांकच येईल बरं? ते नुसतं लिहितात क्ष बरोबर इतके. एपीएलमध्येही तसंच. नाव लिहा, डावीकडे टोक असलेला बाण काढा, पुढे जे असेल ते लिहा. किंमत हे नाव आणि बाणापुढे चाळीस. झालं, किंमत म्हणजे चाळीस. थोड्या वेळानं त्याच नावापुढे लिहा चाळीस, पंचावन्न, साठ. आता किंमत म्हणजे तीन आकड्यांची रांग. तिच्यात पाच मिळवा, उत्तर येईल पंचेचाळीस, साठ, पासष्ट. प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. उद्या त्याच नावात अख्खा तक्ता भरा, नाहीतर अक्षरं भरा, तक्रार नाही. नाव म्हणजे डबा नव्हे, नाव म्हणजे दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. आज या पिशवीला बांधली, उद्या त्या. आत काय आहे आणि किती आहे, हे त्या पिशवीलाच ठाऊक असतं.

याला कॉम्प्युटरवाले डायनॅमिक टायपिंग म्हणतात. यातल्या टायपिंगचा आपल्या टायपिंग क्लासशी संबंध नाही, टाइप म्हणजे प्रकार. प्रकार आधी बांधून न ठेवता चालता चालता ठरवणं. या पद्धतीची पहिली मोठी भाषा जॉन मॅकार्थी यांची लिस्प, ती १९५८ मध्ये आकाराला येऊ लागली. एपीएल तिच्या मागोमागची. पण आयव्हर्सन या ठिकाणी आले ते फळ्याच्या वाटेनं, आणि मला तरी तेच फार आवडतं.

फुकट काहीच नसतं म्हणा. डब्यावर लेबल असलं की मीठ साखरेच्या डब्यात जात नाही. चिठ्ठीच्या कारभारात चूक झाली तर ती चहाचा घोट घेतल्यावरच कळते! एपीएलमध्ये आकड्यांत अक्षरं मिळवायला गेलं, किंवा तीनच्या रांगेत चारची रांग मिळवायला गेलं, तर तोवर काही आवाज नाही, ऐन हिशेबाच्या वेळी यंत्र थांबणार आणि चूक दाखवणार. शिवाय प्रत्येक वेळी पिशवी उघडून बघायची म्हणजे यंत्राचा वेळ जातो. तेव्हा यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा होता. पण आयव्हर्सन यांचा कल सरळ होता. माणसाचा विचार अडता कामा नये.

मग ही लिपी यंत्रावर आली कशी? १९६५ मध्ये लॅरी ब्रीड आणि फिल एब्राम्स यांनी तिचा पहिला अवतार कॉम्प्युटरवर चालवला. खरी अडचण होती खुणांची. पुस्तकात आयव्हर्सन यांनी हवे तसे ठसे वापरले होते, जाड, तिरपे, वरखाली. यंत्राला जोडलेल्या टाइपरायटरवर ते कुठून आणायचे? आयबीएमचा सिलेक्ट्रिक नावाचा विजेवर चालणारा टाइपरायटर तेव्हा नवा होता. आपल्या टायपिंग क्लासमधल्या मशीनला काड्यांचा पंखा असायचा, कळ दाबली की एक काडी उठून कागदावर आपटायची. सिलेक्ट्रिकला काड्या नव्हत्या, लिंबाएवढा एक गोळा होता आणि त्याच्या अंगावर अठ्ठ्याऐंशी ठसे. गोळा फिरायचा, कलायचा आणि ठसा उमटवायचा. मुख्य म्हणजे तो काढून दुसरा बसवता यायचा. या मंडळींनी एपीएलचा वेगळा गोळाच करवून घेतला. अठ्ठ्याऐंशी पुरेनात, तेव्हा एक खूण छापून, कळ मागे घेऊन तिच्यावर दुसरी छापायची आणि त्यातून तिसरी करायची. मराठी टायपिंग केलेल्या जणींना अर्धं अक्षर आणि काना जोडून पूर्ण अक्षर करायची सवय असते, त्यांना हे लगेच कळेल. पण गोळ्यामुळे भाषेला शिस्तही लागली. वरखाली लिहिणं बंद, सगळं एका ओळीत. मला वाटतं, अडचणीनं इतकं चांगलं वळण क्वचितच लावलं असेल.

२७ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री, १० वाजून ५३ मिनिटांनी, एपीएल-३६० या नव्या अवताराची पहिली कोरी पाटी यंत्रात साठवली गेली. एपीएलवाले तोच तिचा वाढदिवस मानतात. आता टाइपरायटरवर ओळ लिहायची, कळ दाबायची आणि यंत्रानं लगेच खाली उत्तर छापायचं. त्या दिवसांत कार्डांना भोकं पाडून गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी उद्या यायचं, असा सर्रास कारभार होता. त्या मानानं हे म्हणजे यंत्राशी गप्पाच! हे काम करणाऱ्या ब्रीड, डिक लॅथवेल आणि रॉजर मूर या तिघांना १९७३ मध्ये पुरस्कार मिळाला, तोही ग्रेस हॉपर यांच्या नावाचा.

आयव्हर्सन स्वतः मात्र पुन्हा शाळेकडे वळले होते. ही लिपी हायस्कूलच्या मुलांना कळते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी शाळेत शिकवून पाहिलं आणि १९६६ मध्ये शाळेच्या गणितावर याच लिपीत पुस्तक काढलं. पुढे बीजगणितावरही लिहिलं. कॉम्प्युटर खपवायचा म्हणून नव्हे, गणित सोपं व्हावं म्हणून.

टीका झाली नाही असं नाही. एपीएलमध्ये पानभराचं काम एका ओळीत बसवता येतं. मग काहींना त्याची झिंगच चढली. कोण किती आखूड लिहितो याची चढाओढ लागली, आणि दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाच आपली ओळ कळेना. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी तर या भाषेवर फार कडक शब्दांत झोड उठवली. त्यात तथ्य नव्हतं असं म्हणवत नाही. शॉर्टहँडची वही दुसऱ्याला वाचता येत नाही, तशातलीच गत. तरी विमा कंपन्या, बँका, आकड्यांच्या तक्त्यांत दिवस काढणारी माणसं या भाषेवर खूश होती. त्यांतले कितीतरी कॉम्प्युटर शिकलेले नव्हतेच. १९७५ मध्ये आयबीएमनं टेबलावर मावणारा ५१०० हा छोटा कॉम्प्युटर काढला, छोटा म्हणजे सुमारे पंचवीस किलोचा, त्यातही एपीएल घेता यायची.

१९७९ चा ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना आयव्हर्सन यांनी जे व्याख्यान दिलं, त्याचा विषय यंत्र नव्हताच. खुणांची लिपी हे विचाराचं अवजार कसं होतं, यावर ते बोलले. धारदार विळी आणि बोथट विळी यांत भाजी तीच असते, पण चिरणारीच्या हाताला फरक कळतो, तसं काहीसं. ज्यांना हार्वर्डनं कायम केलं नव्हतं, त्यांच्या त्याच खुणांना हा मान मिळाला होता.

१९८० मध्ये त्यांनी आयबीएम सोडली आणि कॅनडात परतले, टोरांटोच्या आय. पी. शार्प या कंपनीत. १९८७ मध्ये निवृत्त झाले. वय सहासष्ट. आता नातवंडं खेळवायची, बाग बघायची, असं कुणालाही वाटेल.

पण एक गोष्ट त्यांना डाचत होती. एपीएलच्या खुणा सुंदर, पण त्यासाठी वेगळा कीबोर्ड, वेगळे ठसे लागायचे. कॉम्प्युटर घराघरांत, शाळाशाळांत जायला लागले होते आणि त्यांच्या कीबोर्डवर या खुणा नव्हत्या. म्हणजे ज्या मुलांसाठी हे केलं त्यांच्याच हाती ते लागत नव्हतं. मग सत्तरीला टेकलेल्या आयव्हर्सन यांनी स्वतःच घडवलेल्या, नाव मिळवून दिलेल्या खुणा बाजूला ठेवल्या आणि नवी भाषा मांडायला घेतली, साध्या कीबोर्डवर असतील तेवढ्याच अक्षरांत. स्वतःच्या हातानं विणलेलं स्वेटर उसवून त्याच लोकरीचं दुसरं विणायला किती जणींचा हात धजावेल? १९८९ च्या उन्हाळ्यात आर्थर व्हिटनी यांनी एका दुपारी एका पानाचा नमुना लिहून दाखवला. त्यावरून रॉजर हुई यांनी पुढचं काम उभं केलं. १९९० मध्ये ही भाषा लोकांसमोर आली. नाव फक्त एका अक्षराचं, जे. या कामात आयव्हर्सन यांचा मुलगा एरिकही उतरला. नव्या भाषेत त्यांनी खुणांना व्याकरणातली नावं दिली. क्रियेला क्रियापद म्हणायचं, वस्तूला नाम म्हणायचं. शाळेतल्या मुलाला जे शब्द आधीच येतात, तेच.

आज पायथनसारख्या भाषेत कॉलेजची मुलं आकड्यांची रांग घेतात आणि सगळ्या रांगेत एकदम पाच मिळवतात, तेव्हा ती आयव्हर्सन यांच्याच वाटेनं चाललेली असतात. एपीएल आणि जे या दोन्ही भाषा आजही वापरात आहेत, थोड्या लोकांत, पण निष्ठेनं.

शेवटपर्यंत त्यांचं काम चालू होतं. जे भाषेत लॅब नावाचे धडे असतात, शिकणाऱ्यानं कॉम्प्युटरसमोर बसून आपल्या गतीनं एकेक पायरी सोडवत जायचे. आयव्हर्सन असे धडे लिहीत असत. १६ ऑक्टोबर २००४, शनिवार. ते कॉम्प्युटरसमोर बसून अशाच एका नव्या धड्यावर काम करत होते आणि त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मंगळवारी, १९ ऑक्टोबरला, टोरांटोमध्ये ते गेले. वय त्र्याऐंशी.